‘आमची ऋणे सोड’ : नेमकी कुणाची?

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये एका बिशपनं बोलता बोलता प्रार्थनेची एक ओळ म्हटली : ‘तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ तूच दे, मग हवी ती आज्ञा कर.’ ओळ होती उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्या आत्मकथनातली. समोर पेलाजियस नावाचा ब्रिटनचा तपस्वी होता. त्याला ती ऐकवेना. हमरीतुमरीच व्हायची बाकी राहिली. पाप, कृपा (म्हणजे देवाकडून न कमावता मिळणारी मदत) आणि माणसाचं स्वतःचं बळ यांवरून चर्चमध्ये पुढं सोळाशे वर्षं जो काथ्याकूट झाला, त्यातली ही सुरुवातीची ठिणगी.

पेलाजियसची आठवण पुढं फक्त पाखंडी म्हणून राहिली, पण त्याचं दुखणं समजण्यासारखं आहे. रोममध्ये ख्रिस्ती असणं तोवर प्रतिष्ठेचं झालं होतं. बाप्तिस्मा घ्यायचा, चैन आधीचीच चालू ठेवायची, वर देह दुबळा म्हणून हात झटकायचे! त्याचं म्हणणं, माणसाला झेपणारच नाही असं काही देव सांगेल कशाला? डेमेट्रियास या कुलीन तरुणीनं आजन्म अविवाहित राहण्याचं व्रत घेतलं, तेव्हा तिला लिहिलेल्या पत्रात तो सुरुवातच माणसाच्या अंगच्या ताकदीपासून करतो.

ऑगस्टीनचा अनुभव उलटा. सोळाव्या वर्षी टोळक्याबरोबर त्यानं रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, याहून चांगली फळं घरी होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढं टाकली. एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं लिहितो, कारण त्याला छळतो तो हा प्रश्न : काही मिळवायचं नसताना वाईट करावंसं वाटलंच का? इच्छेलाच रोग जडला असेल, तर नुसती आज्ञा ऐकून ती बरी कशी होणार?

४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. त्या धामधुमीत पेलाजियस आणि त्याचा साथीदार सेलेस्टियस आफ्रिकेत पोचले आणि वाद ऑगस्टीनच्या दारात आला. पेलाजियस पुढं पॅलेस्टाईनला गेला. तिथं ४१५ मध्ये डायोस्पोलिसच्या बिशपांच्या सभेनं त्याला निर्दोष ठरवलं, हे सहसा कुणी सांगत नाही. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ५:१२ या वचनाचाही या वादात वाटा आहे. ऑगस्टीनच्या लॅटिन प्रतीत ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केलं’ असं वाचता येत होतं, म्हणजे आदामात, पहिल्या माणसात, सगळेच दोषी. मूळ ग्रीक मात्र ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असं वाचतात. पूर्वेकडच्या चर्चनं वारशानं आलेला दोष त्या अर्थानं कधी मानला नाही.

४१८ मध्ये कार्थेजच्या सभेनं पेलाजियसच्या मतांचा धिक्कार केला. तिच्या ठरावांत येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली एक विनंती येते, ‘आमची ऋणे आम्हांस सोड’. (ऋणे म्हणजे इथं पापं; मराठी पवित्र शास्त्रातही शब्द ‘ऋणे’च आहे.) प्रश्न असा, की संतवृत्तीची माणसं हे कुणासाठी म्हणतात? दुसऱ्यांसाठी, किंवा केवळ नम्रतेपोटी, असं म्हणेल तो बहिष्कृत. संतांनाही ते स्वतःसाठी आणि खरं म्हणूनच म्हणावं लागतं. मला या सगळ्या वादातलं हे सर्वांत अचूक बोट वाटतं.

५२९ मध्ये ओरांजच्या सभेनं श्रद्धेची सुरुवातदेखील कृपेनंच होते हे पक्कं केलं. पण देवानं कुणाला पापासाठीच नेमलंय, ही कल्पना फेटाळली.

हजार वर्षांनी ऑगस्टीनच्या नावाच्या संघातलाच एक संन्यासी, प्रोटेस्टंट पंथाचा प्रणेता मार्टिन लूथर, हाच धागा घेऊन उभा राहिला. इच्छाशक्ती मोकळी की बांधलेली, यावर १५२४-२५ मध्ये त्याची इरास्मस या विद्वानाशी जुंपली. १५४७ मध्ये ट्रेंटच्या सभेनं कॅथलिक उत्तर दिलं : आरंभ कृपेचा, पण माणसाचा होकारही खरा. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लुथेरन (लूथरच्या परंपरेतल्या) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी, माणूस देवापुढं नीतिमान कसा ठरतो यावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्याआधी अडलं होतं ते जुन्याच जागी : नीतिमान ठरलेला माणूस त्याच वेळी पापीही असतो का?