नवा ईसीयू, जुनी टर्बो गाडी: प्लग बसला म्हणजे जमलं?

‘जुन्या टर्बो गाडीत त्याच कंपनीचा नवीन ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) टाका, प्लग बसला की पॉवर आपोआप वाढते’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण कनेक्टर कधीकधी खरंच बसतो.

पण ईसीयू ताकद तयार करत नाही. सेन्सरच्या व्होल्टेजवरून तो हवेचा अंदाज बांधतो आणि साठवलेल्या मॅपप्रमाणे (आकड्यांच्या तक्त्यांप्रमाणे) इंधन, स्पार्कची वेळ आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ठरवतो. हे मॅप ठरावीक इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग), टर्बो आणि सेन्सर गृहीत धरून बनवलेले असतात. नव्या ईसीयूला मोठे इंजेक्टर अपेक्षित असतील, तर तो ते कमी वेळ उघडतो. जुन्या लहान इंजेक्टरमधून मग इंधन कमी पडतं, आणि बूस्टखाली मिश्रण पातळ झालं की नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणं) होऊन पिस्टन खराब होऊ शकतो. क्रँकच्या दातेरी चाकाचा नमुना वेगळा असेल (६०-२, म्हणजे ६० दातांच्या जागांपैकी २ रिकाम्या, याऐवजी ३६-१), तर इंजिन बहुधा सुरूच होत नाही. इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाची) कटकट वेगळीच.

पडताळायचं असेल तर आधी दोन्ही ईसीयूंचे पार्ट नंबर आणि पिनआउट (कोणती पिन कशासाठी, याचा तक्ता) जुळवा. पिना जुळल्या तरच ईसीयू जोडा. मग इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर मॅप (MAP) सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर बघा: समुद्रसपाटीजवळ साधारण १०० किलोपास्कल दिसायला हवेत. थंड इंजिनात कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच हवं. आकडे विचित्र आले तर स्टार्टर मारूच नका.

अदलाबदल जमते, पण वायरिंग, सेन्सर आणि ट्यूनिंगसकट.