वाराटाचा जीनोम आणि गेटवरचा सिल्व्हर ओक

तुमच्या सोसायटीच्या गेटपाशी सिल्व्हर ओक असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी खाली पडलेला एखादा तुरा उचलून बघा. नारिंगी-पिवळा, कंगव्याच्या दातांसारखी एका बाजूला ओळीनं फुलं, आणि कळीकळीतून एक बारीक दांडी वाकून हुकासारखी बाहेर आलेली. ही दांडी फुलाचा मादी भाग, पण गंमत अशी की कळी उमलायच्या आधीच फूल स्वतःचेच परागकण हिच्या टोकावर माखून ठेवतं, मग पक्षी मध प्यायला आला की त्याच्या डोक्याला ते लागलेच. नावात ओक असला तरी ओकशी याचा काही संबंध नाही, झाड ऑस्ट्रेलियाचं, आणि तिकडचा याचा एक देखणा भाऊबंद म्हणजे वाराटा.

वाराटा लालभडक असतो. सिडनीच्या आसपासच्या जंगलात सापडतो, १९६२ पासून न्यू साउथ वेल्सचं राज्यफूल आहे. एक फूल म्हणून आपण बघतो तो खरं तर शंभर-दोनशे फुलांचा गेंद असतो. वणव्यात वरचं सगळं जळलं तरी जमिनीत एक लाकडी गाठ असते, तिच्यातून परत फुटवे येतात.

२०२२ मध्ये याचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएचा अक्षरन् अक्षर मजकूर, प्रसिद्ध झाला, ऑस्ट्रेलियातल्या देशी फुलझाडांच्या जीनोमचा जो मोठा राष्ट्रीय प्रकल्प आहे त्यातलं हे सुरुवातीचं काम. ११ क्रोमोसोम (गुणसूत्रं), साधारण ८२ कोटी अक्षरं. हे मोठं की छोटं? माणसाची ३०० कोटींच्या वर. आणि कासला आपण ज्यांना सीतेची आसवं म्हणतो त्यांच्या एका चुलत बहिणीचा जीनोम २०१३ मध्ये वाचला तो निघाला फक्त ८.२ कोटींचा, म्हणजे वाराटाच्या दहावा हिस्सा! वाराटात अर्ध्याहून जास्त मजकूर तोच तो परत परत आलेला आहे, आणि तुकड्या-तुकड्यांनी वाचलेला मजकूर जोडताना डोकं फिरतं ते तिथेच, कारण सारखे दिसणारे तुकडे नक्की कुठले कुठे बसवायचे? म्हणून एक मशीन लांबच लांब धागे वाचतं पण चुका करतं, दुसरं छोटे तुकडे बिनचूक वाचतं, आणि तिसरी पद्धत सांगते की पेशीत कुठला तुकडा कुणाच्या शेजारी होता.

आता प्रश्न पडेल की वाराटा काही नामशेष होत नाहीये, मग एवढा खटाटोप कशाला? तर एकदा हा नकाशा हातात आला की शेकडो झाडांची थोडी थोडी अक्षरं स्वस्तात वाचून त्यावर ताडून बघता येतात. त्यातून कळतं की किनाऱ्यावरचे, उंचावरचे आणि दक्षिणेकडचे वाराटा दिसायला सारखे पण आतून वेगळे गट आहेत. जंगल परत उभं करायचं तर बी कुठल्या गटाचं घ्यायचं हा खरा प्रश्न असतो, एकाच झाडाखालचं गोळा केलं तर सगळी भावंडंच लावली जातात, फार लांबून आणलं तर तिथल्या हवेला ते टिकेल का याची खात्री नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपनं टेकडीवर दोनशे देशी रोपं लावली. हे सगळं वाचल्यावर नर्सरीवाल्याला फोन करून विचारलं, काका, बी कुठलं होतं हो? तो म्हणाला, "कुठलं म्हणजे? आमच्याच गेटवरच्या झाडाचं की."