ब्रेक रोटर : साधा आणि अपग्रेड

ब्रेक रोटर (ब्रेक डिस्क, चकती, विदर्भातल्या गॅरेजात सरसकट ‘डिस्क प्लेट’) म्हणजे चाकाच्या हबवर बसलेली, चाकासोबत फिरणारी बिडाची चकती. कॅलिपरमधले (चिमट्यासारख्या पकडीतले) पॅड तिला दोन्ही अंगांनी चिमटतात, गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत जातो, आणि ती उष्णता आधी चकती पिते, मग हवेला देते. कंपनीतून येते ती साधी, गुळगुळीत चकती. तिच्या जागी भोकं पाडलेली, खाचा मारलेली, दोन तुकड्यांची किंवा मोठ्या व्यासाची चकती लावली की तिला अपग्रेड म्हणतात. साधीच ठेवावी की अपग्रेड करावी, हा प्रश्न स्पोर्ट्स कारवाल्यांत नेहमीचा आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेचसे जुने संदर्भ फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरच्या 1902 च्या पेटंटपासून सुरुवात करतात, त्यात चाकासोबत फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला चिमटणारे जबडे असं स्पष्ट आहे, पण पॅड तांब्याचे होते आणि ब्रेक मारला की कान किटतील असा किंचाळा निघायचा, त्यामुळे ते पुढे सरकलं नाही. अमेरिकन लेखक एल्मर स्पेरीच्या साधारण 1898 च्या इलेक्ट्रिक मोटारीचा दाखला देतात. पण स्पेरीचा ब्रेक विजेच्या चुंबकावर चालायचा, आज आपण ज्याला डिस्क ब्रेक म्हणतो त्याची नाळ लँचेस्टरशी जास्त जुळते, म्हणून इथे त्यालाच आधी धरलंय. ‘विकायला आलेली पहिली डिस्कवाली कार’ कोणती यावरही असाच वाद : कोणी 1949-50 ची छोटी क्रॉसली हॉटशॉट सांगतं (थंड मुलखात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिचे ब्रेक गंजून जाम व्हायचे), कोणी 1950 च्या दशकाच्या मध्यातली, मोजक्याच बनलेली ऑस्टिन-हीली 100एस, आणि मोठ्या संख्येने बनलेली म्हणाल तर 1955 ची सिट्रोएन डीएस, तीही फक्त पुढच्या चाकांपुरती. फ्रान्समधल्या ल मान्सच्या 1953 च्या शर्यतीबद्दल मात्र दुमत नाही. जॅग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, ड्रमवाल्या (चाकातल्या डब्याला आतून घासणारे जुने ब्रेक) गाड्या वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक मारत होत्या आणि ही उशिरा मारून पुढे निघत होती.

भोकांच्या चकतीचा इतिहास शर्यतीतलाच, साधारण 1960 च्या दशकाच्या शेवटाकडचा. त्या काळचे पॅड तापले की त्यातून गॅस सुटायचा आणि पॅड-चकतीमध्ये त्याचा थर अडकायचा, भोकांतून तो निघून जायचा, वजनही थोडं घटायचं. आजच्या पॅडमधून तेवढा गॅस निघत नाही, म्हणजे मूळ कारण जवळपास संपलं, भोकं मात्र दिसायला भारी म्हणून राहिली. पावसात पाणी लवकर झटकलं जातं हा फायदा खरा आहे. पण भोक पाडलं म्हणजे तेवढं लोखंड कमी झालं, आणि उष्णता पिणारं लोखंडच असतं. शिवाय वारंवार तापून थंड झालं की भोकांच्या काठाशी बारीक तडे सुरू होतात आणि एका भोकातून दुसऱ्याकडे जातात. पोर्शे आपल्या रोडच्या गाड्यांना भोकांच्या चकत्या कंपनीतूनच देते, हे उदाहरण नेहमी तोंडावर फेकलं जातं, पण तिथे चकतीची जाडी, भोकांची मांडणी आणि पॅड सगळं एकत्र ठरवलेलं असतं, बाजारातून आणलेल्या स्वस्त भोकवाल्या प्लेटला तो दाखला लागू पडत नाही. खाचांची (स्लॉटेड) चकती त्यातल्या त्यात बरी : पॅडवरची चकाकी खरवडते, धूळ-गॅस बाहेर काढते, तडे कमी जातात. बदल्यात पॅड लवकर संपतो आणि घूं घूं आवाज येतो.

आता हिशोब. 1400 किलोची गाडी ताशी 100 किमीवरून थांबवली तर सुमारे 5.4 लाख ज्यूल उष्णता तयार होते. त्यातली 70 टक्के पुढच्या दोन चकत्यांवर गेली आणि एकेक चकती 8 किलोची धरली तर एका ब्रेकला चकती साधारण 50 अंशांनी तापते. हे साधी चकती हसतखेळत सहन करते. समृद्धीवर 120 ने जाताना ढोर आडवं आलं आणि एकदा कचकन ब्रेक मारला, तर ऊर्जा जवळपास दीडपट होते, तरीही एकच ब्रेक. अशा वेळी गाडी किती मीटरात थांबेल हे टायरची पकड आणि एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ठरवतं. साधी चकतीही चाक जाम करण्याइतकी ताकद देत असेल तर महागड्या चकतीने थांबण्याचं अंतर कमी होत नाही. हा मुद्दा विकणारे सांगत नाहीत. मोठ्या व्यासाने पायाला जोर कमी लागतो आणि चकती उशिरा तापते एवढं खरं, पण मोठी चकती रिममध्ये मावली पाहिजे, आणि फक्त पुढची वाढवली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो.

खरा कस घाटात. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना उंची सुमारे 700 मीटरने कमी होते, म्हणजे त्याच गाडीची जवळपास 96 लाख ज्यूल, 100 वरून अठरा वेळा थांबण्याएवढी. त्यातला बराच भाग इंजिनने खाल्ला पाहिजे. न्यूट्रलमध्ये, पायडलवर पाय ठेवून उतरणाऱ्याच्या गाडीतून खाली येईपर्यंत जळक्या पॅडचा वास येतो, मग पायडल स्पंजासारखं खाली जातं, आणि दोष चकतीला दिला जातो. तिथे बहुतेकदा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात, पाय दाबला की तेच दबतात. ऑइलच्या दर्जांपैकी डॉट 3 चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 205 अंश, पाणी शोषल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155, डॉट 5.1 चा 260 आणि 180. ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षांत बदलायला हवं, गावाकडे ते गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. त्यामुळे पैसा खर्च करायचा क्रम आधी ऑइल, मग चांगले पॅड, आणि चकती त्यानंतर, असा आमचा कल आहे.

‘चकती वाकली’ हा दुसरा मोठा वाद. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की मिस्त्री बोट न लावता सांगतो, “डिस्क वाकली भाऊ, लेथवर घासा लागते.” एक मत असं की उष्णतेने बीड खरंच वाकतं. दुसरं मत, जे रेसिंगच्या इंजिनिअरांत जास्त मानलं जातं आणि आम्हालाही पटतं, ते असं की वाकणं क्वचितच, बहुतेकदा पॅडचं मटेरियल चकतीवर एकसारखं न बसता ठिगळासारखं चिकटतं, तिथे तापमान वाढत जाऊन बिडात सिमेंटाइट नावाचे कडक डाग तयार होतात आणि जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत फरक पडतो. तेवढा फरक पायाला कळतो. लेथवर डाग वरवर जातो, खोलवरचा राहतो आणि महिनाभरात थरथर परत. हबवरचा गंज न घासता नवी चकती चढवली तरी हेच होतं. तापलेल्या ब्रेकनंतर पायडल दाबून उभं राहू नये, आणि नवे पॅड टाकल्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, ब्रेक मारून ते बसवून घ्यावेत. चकतीच्या काठावर किमान जाडी कोरलेली असते, लेथवर घेतल्यावर त्याखाली गेली तर ती फेकायचीच.

ग्रामीण विदर्भात खरी स्पोर्ट्स कार विरळा. सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएससारखी एखादी दिसते, तीही उन्हाळ्यात ताडपत्रीखाली. इथली अडचण काळी माती. जुलैत पांदणीवरून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला की अर्धा किलोमीटर चिखल सांडतो. ओळखीतल्या एका गाडीला हौसेने भोकवाल्या चकत्या बसवल्या होत्या, एका पावसात वावराकडे नेली आणि चार दिवसांनी पाहिलं तर बरीच भोकं मातीने बुजून उन्हात विटेसारखी कडक झालेली. पोतं शिवायचं दाभण घेऊन एकेक भोक मोकळं करत बसले दोघं, संध्याकाळ झाली. चकाकत्या चकतीचं कौतुक तिथंच ओसरलं.

दोन तुकड्यांची चकती (मधला टोप ॲल्युमिनियमचा, कडं बिडाचं) हलकी असते आणि तापली की कडं मोकळं फुगतं, पण ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्यालाच तिचा उपयोग. कार्बन-सिरॅमिक चकत्या रोडच्या गाड्यांत 2001 च्या सुमारास पोर्शेने आणल्या, वजन बिडाच्या साधारण निम्मं. वाकड्या पात्यांच्या हवादार चकतीत (दोन थरांमध्ये हवा खेळावी म्हणून पाती असलेली) डावी-उजवी वेगळी येते. पाती वरच्या बाजूला मागे झुकलेली हवीत, म्हणजे फिरताना हवा मधून ओढून बाहेर फेकली जाते. बाहेरच्या खाचांची दिशा पाहून डावी-उजवी ठरवू नये, काठावरून आत डोकावून पात्यांची दिशा पाहावी.