पोस्टग्रेसला सी९९ वर यायला एवढी वर्षं का लागली?

सी९९ हे सी भाषेचं मानक १९९९ चं. पोस्टग्रेसक्यूएल (म्हणजेच पोस्टग्रेस) या सीमध्ये लिहिलेल्या डेटाबेसने ते आपल्या कोडसाठी सक्तीचं केलं ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि लोकांच्या हाती आलं २०१९ ला, आवृत्ती १२ सोबत. या उशिराचं खापर डेव्हलपरांच्या जुनाट सवयींवर फोडणं बरोबर नाही. खरा अडसर कंपायलरचा, म्हणजे सी कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचा होता. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला सी९९ कामापुरतं जमू लागलं ते व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ मध्ये. जीसीसी या मुक्त कंपायलरला ते आधीपासून येत होतं, पण २०१५ च्या आवृत्ती ५ पर्यंत त्याचा डीफॉल्ट जीएनयू८९, म्हणजे सी९९ च्या आधीची जुनी सी, हाच होता.

पोस्टग्रेसमध्ये विषय निघाला एसएनप्रिंटएफवरून; ठरावीक आकाराच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या जागेत, मजकूर लिहिणारं हे फंक्शन. बफर अपुरा पडला तर नेमके किती बाइट लागले असते, हे सी९९ मधलं फंक्शन सांगतं. जुन्या काही प्लॅटफॉर्मवर नुसता उणे एक परत यायचा. मग अंदाजाने बफर वाढवत पुन्हा प्रयत्न करा. अशी ठिगळं किती वर्षं सांभाळायची?

पुढची पायरी फार शहाणपणाची होती. बिल्डआधी यंत्राची चाचपणी करणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये आधी सी९९ ची फक्त तपासणी घातली; ते नसलं तरी बिल्ड थांबत नव्हतं. बिल्डफार्मवरची, म्हणजे वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर पोस्टग्रेस बिल्ड करून पाहणाऱ्या यंत्रांच्या ताफ्यातली, काही थोडी यंत्रं त्यात मागे पडली, तेव्हा १२ पासून त्यांचा सपोर्ट सोडायचं ठरलं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या दुसऱ्या प्रकल्पाने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली: स्ट्रक्चरच्या सदस्याचं नाव घेऊन इनिशियलाइझ करण्याची सी९९ मधली पद्धत सगळीकडे कंपाइल होणाऱ्या एकाच जागी वापरली. कुणाचं बिल्ड मोडलं, तर तेवढाच बदल मागे घ्यायचा.

सी९९ सगळंच मात्र घेतलं नाही. आकार रनटाइमला ठरणारे ॲरे पोस्टग्रेसमध्ये आजही वर्ज्य आहेत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ते कधीच स्वीकारले नाहीत, सी११ या पुढच्या मानकाने ते ऐच्छिक केले, आणि आकडा मोठा आला की स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या व्हेरिएबलसाठीची मर्यादित मेमरी, फुटण्याची भीती. ब्लॉकच्या मध्येच व्हेरिएबल जाहीर करायलाही मनाई आहे.

सक्ती झाल्यावरही एक मेख उरलीच: बॅकपॅच, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांतही नेणं. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. फॉर लूपच्या कंसातच काउंटर जाहीर करून लिहिलेली दुरुस्ती १२ मध्ये बिनबोभाट कंपाइल व्हायची. तीच ११ च्या शाखेत नेली की जीएनयू८९ वर चालणारा जीसीसी त्याच ओळीवर एरर द्यायचा. मग काउंटर ब्लॉकच्या सुरुवातीला हलवून तोच पॅच पुन्हा लिहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ११ चा सपोर्ट संपला, तेव्हा कुठे ही दुहेरी मेहनत थांबली.