रेसचा विनोद आणि घोड्याचा विनोद

रेसचा नाद असलेल्या माणसाला सिनेमा सुचवणं लोकांना फार सोपं वाटतं. विनोदी हवा, त्यात घोडा हवा, झालं काम. या हिशेबाने मला आजवर तीन जणांनी मार्क्स बंधूंचा, म्हणजे ग्रूचो, चिको, हार्पो वगैरे अमेरिकन विनोदी नट भावांचा, 'हॉर्स फेदर्स' आवर्जून पाहायला सांगितलाय. १९३२ चा हा सिनेमा कॉलेजच्या फुटबॉलवर आहे. 'हॉर्स फेदर्स' हा त्या काळच्या अमेरिकन बोलीतला शब्द, अर्थ 'काहीतरीच!' शेवटी घोडे येतात म्हणा, पण कचरागाडीला जुंपलेले. सुचवणाऱ्याने सिनेमा पाहिलेला नसतो एवढं त्यातून कळतं.

पण चूक फक्त नावाची असती तर मी लिहायला बसलो नसतो. घोड्यावरचा विनोद आणि रेसवरचा विनोद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेसवाल्यांची आवडही इथेच दुभंगते, आणि बाहेरच्यांना ते एकाच गोणीतले वाटतात.

घोड्याचा विनोद तुम्हाला चांगला माहीत आहे, म्हणून तो भराभर उरकतो. जनावर माणसासारखं वागतं किंवा माणसांना खेळवतं. 'फ्रान्सिस गोज टू द रेसेस'मध्ये (१९५१) बोलणारं खेचर आहे. 'रेसिंग स्ट्राइप्स'मध्ये (२००५) घोड्यांच्या शर्यतीत झेब्रा उतरतो. थ्री स्टूजेसच्या 'प्लेइंग द पोनीज'मध्ये (१९३७) सुस्त घोड्याला तिखटजाळ मिरच्या चारतात, मग तो पाण्यासाठी असा उधळतो की बाकीचे मागेच. या जातीत माझा लाडका लॉरेल-हार्डीचा 'राँग अगेन' (१९२९). 'ब्लू बॉय' हे चित्र चोरीला जातं, शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर होतं, आणि तबेल्यात काम करणाऱ्या या दोघांना वाटतं की त्यांच्याकडच्या 'ब्लू बॉय' नावाच्या घोड्याबद्दलच बोलणं चाललंय. ते घोडा घेऊन त्या श्रीमंताच्या घरी जातात. तो वरच्या मजल्यावरून ओरडून सांगतो, पियानोवर ठेवा. ते ठेवायला निघतात.

हे सगळं बघायला रेस कळावी लागत नाही. शर्यत असलीच तर तिचा निकाल मिरचीने किंवा खेचराच्या कानमंत्राने लागतो. झेब्र्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की मला तो पुन्हा दाखवू नका.

रेसच्या विनोदात घोडा जवळजवळ दिसलाच नाही तरी चालतं. 'थ्री मेन ऑन अ हॉर्स' हे १९३५ चं ब्रॉडवेवरचं नाटक, पुढच्याच वर्षी त्याचा सिनेमा झाला. शुभेच्छापत्रांवरच्या कविता लिहिणारा एक भिडस्त माणूस बसमधून जाता-येता करमणूक म्हणून कुठला घोडा जिंकेल ते ठरवत बसतो. त्याने ठरवलेला घोडा येतोच, म्हणजे जिंकतोच. पण स्वतः तो एक पैही लावत नाही, कारण लावली की आपली ही विद्या जाईल अशी त्याची खात्री आहे. मग तो जुगाऱ्यांच्या हाती सापडतो. सगळी गंमत हॉटेलच्या खोलीत, रेसकोर्सपासून दूर.

इथपर्यंत कोणीही मान डोलावतं. खरा घोळ पुढे आहे. लोक म्हणतात, "कळलं, म्हणजे रेसचा विनोद म्हणजे पैसे हरणाऱ्याची फजिती." नाही. हे ऐकलं की माझं डोकं उठतं, कारण असं म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी रेसचं तिकीट काढलेलं नसतं.

मार्क्स बंधूंच्याच 'अ डे ॲट द रेसेस'मधला (१९३७) आइस्क्रीमवाल्याचा प्रवेश घ्या. ग्रूचो पैसे लावायच्या खिडकीशी येतो. त्याला 'सन-अप' नावाच्या घोड्यावर दोन डॉलर लावायचेत. तेवढ्यात आइस्क्रीमची गाडी ढकलत चिको येतो. सन-अप? छे, त्याच्यासारखा रद्दी घोडा नाही! माझ्याकडे एक डॉलरला पक्की टिप आहे. टिप काय, तर चिठ्ठीवर नुसती अक्षरं, डोळे तपासायच्या तक्त्यासारखी. ती उलगडायला कोडबुक लागतं. ते फुकट, फक्त छपाईचा एक डॉलर. कोडबुक कळायला मोठं कोडबुक, मग घोड्यांच्या पैदाशीची पुस्तकं. थोड्या वेळात ग्रूचोच्या हातात, काखेत, पायांमध्ये पुस्तकंच पुस्तकं. दरम्यान चिकोने त्याच्याच पैशांतून सन-अपवर लावून घेतलेत. ग्रूचो खिडकीशी परत पोचतो तेव्हा रेस संपलेली असते. कोण आला? सन-अप.

बाहेरचा माणूस हसतो ते पुस्तकांना. एका शहाण्याला कशी टोपी घातली, आणि वर तीच ती टोपी पुन्हापुन्हा. बरोबर आहे, प्रवेश तसाही उत्तमच आहे. रेसवाला मात्र पहिल्या मिनिटापासून एकच गोष्ट धरून बसलेला असतो: हा सन-अप लावायलाच आला होता. घोडा याच्या डोक्यात होता, पैसे हातात होते, खिडकी समोर होती. त्याचे गेलेले डॉलर कोण मोजतंय! हातातला घोडा दुसऱ्याच्या बोलण्यावरून सोडला, तिथे कळ येते आणि तिथेच हसू येतं.

हरणं आणि सोडणं यांतला हा फरक रेस न खेळणाऱ्याला समजावता समजावता मी थकलोय. हरलेल्या रेसा आठवतसुद्धा नाहीत. एकदा मी रांगेत उभा होतो, सकाळपासून घोडा ठरलेला, बोटांत नोट धरलेली. मागच्या गृहस्थांनी माझ्या रेसबुकावरची खूण बघितली आणि हळूच म्हणाले, "हा? अहो, याला पाच फर्लांगांच्या पुढे दम नाही." मला त्यांचं नाव माहीत नव्हतं, आजही नाही. माझी पाळी आली आणि तोंडातून दुसराच नंबर गेला. पुढचं सांगायला नको. वर गंमत म्हणजे त्या गृहस्थांनी स्वतः काय लावलं हे मी विचारलंच नाही. 'अ डे ॲट द रेसेस' पुन्हा पाहिला तेव्हा कुठे डोक्यात आलं की विचारायला हवं होतं.

फजिती हाच विनोद असता तर 'लेट इट राइड' (१९८९) विनोदी झालाच नसता. त्यातला टॅक्सी चालवणारा ट्रॉटर दिवसभर जिंकतच सुटतो. रिचर्ड ड्रायफसने हे काम केलंय. त्यातला एक प्रसंग रेसवाले एकमेकांना करून दाखवतात. पुढच्या रेसला काय लावावं ते ट्रॉटरला सुचत नाही. मग तो आसपासच्या नेहमीच्या मंडळींना, म्हणजे हयातभर हरत आलेल्यांना, एकेक करून विचारतो, तुझा घोडा कुठला? जो जे नाव सांगेल त्यावर काट. कोणीच न सांगितलेला घोडा उरतो, तो हा लावतो. टिप ऐकण्याचा रोग उलटा करून वापरलाय. इथे रेस न कळणारा हसतो, पण अर्धंच. आपण सांगितलेला घोडा त्या काट मारलेल्या यादीत असणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं हसू वेगळं.

आता सीमेवरचा एक नमुना. ॲबट आणि कॉस्टेलो या अमेरिकन विनोदी जोडीचा 'मडर'चा संवाद, १९४८ च्या 'द नूज हँग्ज हाय'मध्ये आहे. 'मडर' म्हणजे चिखलात चांगला पळणारा घोडा. कॉस्टेलोला ऐकू येतं 'मदर'. घोडा खातो काय, तर 'फॉडर', म्हणजे चारा. त्याला ऐकू येतं 'फादर'. पुढचा गोंधळ तुम्हीच लावा. यात घोडा कुठेही नाही, नुसता शब्दांचा खेळ, तरी लोक त्याला घोड्याचा विनोद म्हणतात. मी तो रेसचा धरतो, कारण रेसवाल्याला यात कॉस्टेलोपेक्षा ॲबटची दया येते. पाऊस पडलाय, मैदान जड आहे, आणि 'मडर' म्हणजे काय ते न कळणाऱ्या माणसाला टिप समजावायची आहे. हे काम आम्ही सगळ्यांनी केलंय.

रेसवाल्यांतही एकमत नाहीच. माझं निरीक्षण असं की जे जुने निकाल, वजन, अंतर बघून तासन् तास हिशेब मांडतात ते ग्रूचो-चिको आणि ॲबटचे भक्त असतात. बोलण्यातून बोलणं निघतं आणि प्रत्येक पायरी वरवर शहाणपणाची वाटते, तसाच त्यांचा दिवस जातो. नाव आवडलं म्हणून लावणारे न बोलणाऱ्या हार्पोवर जीव टाकतात. ब्रिटिश विनोदी नट नॉर्मन विस्डमही त्यांचाच, कारण 'जस्ट माय लक'मध्ये (१९५७) तो एका पाउंडाच्या पैजेत ओळीने सहा रेसा साधायला निघतो आणि हिशेबाच्या भानगडीत पडत नाही. मला विस्डम झेपत नाही, तो फार रडवेला आहे. यावरून माझी मित्रांशी भांडणं झालीत, मिटलेली नाहीत.

सगळ्यांत मोठं भांडण 'अ डे ॲट द रेसेस'च्या शेवटावरून. 'हाय-हॅट' हा घोडा खलनायकाचा आवाज कानावर पडला की बिथरून उंच उडी मारतो, म्हणून अडथळ्यांच्या शर्यतीत त्याला तो आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवतात. हार्पो जॉकी. धमाल आहे, लहान मुलं खुर्चीत उड्या मारतात, पण हा सरळसरळ मिरचीचाच भाऊ. एकाच सिनेमात दोन्ही विनोद आहेत, आणि लोक त्याला 'रेसचा सिनेमा' म्हणतात ते या शेवटामुळे, हीच माझी तक्रार. प्रवेश निवडायचाच तर आइस्क्रीमचा. चिकोला खऱ्या आयुष्यातही जुगाराचा जबरदस्त नाद होता, त्यामुळे तो टिप विकताना इतका सराईत वाटतो यात नवल नाही.

मार्क्स बंधूंनी या सिनेमातले प्रवेश चित्रीकरणाआधी गावोगावच्या रंगमंचावर करून, हशा कुठे येतो ते तपासून घेतले होते. आइस्क्रीमच्या प्रवेशातल्या शेवटच्या हालचालीला तिथे कितपत हशा आला असेल याची मला उत्सुकता आहे. सगळे पैसे गेल्यावर ग्रूचो ती पुस्तकं टाकून देतो, चिकोने सोडलेली गाडी ढकलू लागतो आणि त्याच्याच सुरात आइस्क्रीम घ्या म्हणून ओरडत निघतो. आमच्याकडे या जागी हिशेबवाला गट हमखास टाळ्या वाजवतो. हार्पोवाले विचारतात, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे?