अवकाशातून भिंत दिसत नाही, शेतं दिसतात

चीनची भिंत चंद्रावरून दिसते ही समजूत माणूस अवकाशात जाण्याच्या आधीपासूनची आहे. १९३० च्या दशकात ती छापूनही आली होती. साध्या हिशेबात मात्र ती टिकत नाही. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. चंद्राच्या अंतरावरून, म्हणजे सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरून, हा भाग ११० किलोमीटरहून मोठा भरतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फक्त ४०० किलोमीटरवर आहे, तरी तिथूनही तो ११५ मीटरच्या आसपास येतो. भिंतीची रुंदी बहुतेक ठिकाणी जेमतेम पाच-सहा मीटर!

पण ती हजारो किलोमीटर लांब आहे, त्याचं काय? लांबीचा फायदा होतो, फक्त रंग वेगळा हवा. पांढऱ्या भिंतीवर चिकटलेला काळा केस पाच मीटरवरूनही निरखून पाहिला तर दिसू शकतो; काळ्या कापडावरचा दिसत नाही. अवकाश स्थानकावरून चीनची भिंत साधारण तेवढीच बारीक भासेल, आणि ती बांधली आहे आजूबाजूच्याच माती-दगडांनी. २००३ मध्ये अवकाशातून परतलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी भिंत दिसली नसल्याचं स्पष्ट सांगितलं. फिकट वाळवंटातला काळा डांबरी रस्ता मात्र तिच्याहून सहज नजरेत भरतो.

म्हणूनच वरून ठळक दिसणाऱ्या मानवी खुणांमध्ये शेतीचा मान मोठा आहे. दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियात सुमारे ३० हजार हेक्टर जमीन प्लास्टिकच्या हरितगृहांखाली आहे. उपग्रहचित्रात किनाऱ्यालगत पांढराशुभ्र पट्टा दिसतो. उन्हाळ्यात आतली पिकं होरपळू नयेत म्हणून शेतकरी छतांना चुन्याची सफेदी देतात, त्यामुळे तो आणखी उजळतो. एवढा सूर्यप्रकाश परत फेकला गेल्याचा परिणाम हवेवरही झाला. १९८३ ते २००६ या काळात तिथलं तापमान दर दशकाला सरासरी ०.३ अंशाने उतरल्याचं संशोधकांना आढळलं, तेही स्पेनमधल्या इतर भागांत पारा चढत असताना. कोणी न ठरवता एका प्रदेशाचं हवामान बदलून गेलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

सौदी अरेबियाच्या वाडी अस-सिरहान खोऱ्यात वाळवंटावर हिरवी वर्तुळं दिसतात. कोलोरॅडोतले शेतकरी फ्रँक झायबाक यांना १९५२ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्याची ही करामत. चाकांवर उभा असलेला लांबलचक पाइप मध्यबिंदूभोवती फिरत पाणी शिंपडतो, त्यामुळे शेत आपोआप गोल होतं. अशी बरीच वर्तुळं सुमारे ८०० मीटर व्यासाची असतात. पाणी येतं ते हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं, आणि आजच्या तुटपुंज्या पावसाने ते भरून निघत नाही. १९७२ पासून पृथ्वी टिपणाऱ्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांत ही वर्तुळं वाढत गेलेली दिसतात. अखेर २००८ मध्ये सौदी सरकारने गव्हाची लागवड टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं.

रडार उपग्रहांपुढे मात्र शेतं मागे पडतात. त्यांपैकीच एक, युरोपचा सेंटिनेल-१, सुमारे ७०० किलोमीटरवरून साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी पाठवतो. एकाच जागेवरून वेगवेगळ्या दिवशी परतलेल्या लहरींची तुलना केली, की जमीन किंवा इमारत किती हलली ते मिलिमीटरमध्ये कळतं. सॅन फ्रान्सिस्कोतला ५८ मजली मिलेनियम टॉवर खचतो आहे, हे या पद्धतीने २०१६ मध्ये अवकाशातूनही टिपलं गेलं. अशा मोजमापाला महिनोन्‌महिने न बदलणारा पृष्ठभाग लागतो. पिकं वाढतात, पानं वाऱ्याने हलतात, म्हणून शेतातून येणारा संकेत विस्कटतो. काँक्रीटचे आणि लोखंडाचे काटकोनी कोपरे लहर थेट परत पाठवतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यामुळे धरणं, पूल आणि दाट वस्तीची शहरं यांच्यावर रडारने लक्ष ठेवणं सोपं जातं.