चावीच्या ग्रामोफोनची कमान आणि तिचा 'धप्प' आवाज

जुन्या ग्रामोफोनला पूर्ण चावी देऊन तबकडी लावली की पुष्कळदा गाणे चालू असतानाच खालच्या पेटीतून अधूनमधून 'धप्प' असा आवाज येतो आणि सूर क्षणभर डगमगतो. दुरुस्तीला बसणाऱ्याचे काम बहुधा या आवाजापासूनच सुरू होते. त्याचे मूळ शोधायचे तर १८९० च्या दशकात जावे लागते.

एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ, म्हणजे आवाज नोंदवून परत ऐकवणारे यंत्र, हाताने फिरवावे लागे. हात जरा कमीजास्त झाला की सूर चढे किंवा उतरे. नुसत्या बोलण्यात ते खपून जाई, गाण्यात मात्र खपत नसे. १८८८ च्या सुधारित यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली, पण तिच्या ओल्या बॅटऱ्या महाग होत्या आणि त्यांतले आम्ल घरात सांभाळणे ही वेगळीच कटकट होती. एमिल बर्लिनरचा तबकडीचा ग्रामोफोनही सुरुवातीला हातावरच चाले. अखेर न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे यंत्रांचा लहानसा कारखाना चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सनने १८९६ मध्ये बर्लिनरसाठी स्वस्त आणि भरवशाची कमानीची मोटर करून दिली. कमान म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी; ती उलगडताना तबकडी फिरते. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याच्या प्रसिद्ध चित्रात दिसते ते याच घराण्यातले यंत्र. चित्रकार फ्रान्सिस बॅरो याने आधी तिथे फोनोग्राफ काढला होता आणि १८९९ मध्ये त्यावर ग्रामोफोन रंगवला.

कमान ही विद्या घड्याळे आणि संगीतपेट्या (चावी दिली की आपोआप धून वाजवणाऱ्या पेट्या) यांच्याकडून आली. स्वित्झर्लंडमधील सेंट क्रॉ येथील थोरेन्स ही कंपनी संगीतपेट्यांकडूनच ग्रामोफोनकडे वळली. पण घड्याळ थांबत थांबत चालते, तबकडीला तसे चालत नाही. शिवाय नुकतीच भरलेली कमान जोरात ओढते आणि उतरत आली की मंदावते. म्हणून वाफेच्या इंजिनावर जेम्स वॉटने वापरलेल्या तत्त्वाचा गव्हर्नर, म्हणजे वेग एकसारखा राखणारा भाग, इथे बसवला गेला. पातळ पट्ट्यांवरची तीन वजने वेगाबरोबर बाहेर फाकतात, त्यांच्या ओढीने एक चकती सरकून चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासते आणि वेग आवरला जातो.

गव्हर्नर हळूहळू होणारा बदल सावरतो, अचानक बसणारा हिसका मात्र त्याला सावरता येत नाही. डब्यातल्या कमानीचे वेढे एकमेकांवरून सरकत उलगडावेत म्हणून त्यांत ग्राफाइट मिसळलेले ग्रीस भरत असत. ते दशकानुदशके वाळून चिकट झाले की वेढे एकमेकांना धरून ठेवतात आणि ताण असह्य झाला की एकदम सुटतात. 'धप्प' होते ते तेव्हा. चावीच्या भोकातून तेल सोडण्याचा नेहमीचा उपाय म्हणूनच निरुपयोगी ठरतो: डबा उघडून, जाड हातमोजे घालून कमान वेढ्यावेढ्याने बाहेर काढावी लागते, रॉकेलने धुवावी लागते आणि नवे ग्रीस लावून परत भरावी लागते. कमान टोकाशी तुटली असेल, तर ते टोक तापवून मऊ करतात, नवे भोक पाडतात आणि थोडी लांबी गमावून तीच परत वापरतात.

भारतात १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. पुढे तबकड्या गावोगावी पोहोचल्या, पण वीज पोहोचली नव्हती. त्यामुळे इतरत्र विजेची मोटर रुळल्यावरही आपल्याकडे नाट्यपदे कितीतरी वर्षे चावीवरच ऐकली गेली. आज जुन्या बाजारांत मिळणाऱ्या चकचकीत पितळी कर्ण्यांच्या नकली यंत्रांत अनेकदा त्या काळच्या पेटी-ग्रामोफोनमधून काढलेलीच मोटर असते. तेव्हा नवी कमान मागवताना यंत्रावरच्या नावावर विसंबू नये. जुन्या कमानीची रुंदी, जाडी आणि टोकाची घडण मोजून घ्यावी.